ओटीतलं केळं

सातवा महिना सरत आलेली पोर दारात आली आणि ओटी न भरता परत गेली, असं माझ्या हातून कधी झालेलं नाही. तीस वर्षं बायकांची बाळंतपणं करण्यात गेली, तरी मला या गोष्टींची हौस मोठी. त्यामुळे त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला ईश्वरी रिक्षातून उतरून धापा टाकत आमच्या फाटकाशी आली, तेव्हा तिला पाणी देऊन मी लगेच ह्यांना फळं आणायला पिटाळलं. खण आणि नारळ घरात होता. ह्यांनी चपला घालता घालता विचारलं की कोण आलंय, तर मी म्हटलं, गंगम्माची पोरगी. गंगम्मा गेल्यापासून, म्हणजे गेली पाच वर्षं, तिचं नाव आमच्या घरात निघत नाही.

गंगम्मा म्हणजे आमच्या दवाखान्यातली मावशी. सेलूत बन्सीधर डॉक्टरांचं ‘सुखरूप प्रसूतिगृह’ होतं. आता ते बंद झालं. तिथं मी हेड सिस्टर होते आणि गंगम्मा माझ्या हाताखाली. लिंगायत घरातली, कपाळावर भस्माचं बोट, गळ्यात लिंग, आणि तोंडात सदा हसू. तिची ही एकुलती एक लेक झरी गावात दिलेली. लग्नाला मला बोलावणं होतं, पण मी गेले नव्हते. डोकं दुखतंय असं कळवलं होतं.

ईश्वरी पलंगावर टेकली आणि तिनं येण्याचं कारण सांगितलं. वार खाली, पिशवीच्या तोंडाशी आहे, त्यामुळे नववा लागला की परभणीला पोट फाडूनच बाळ काढावं लागेल, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्यांनी विचारलं होतं की तुला किंवा घरात कुणाला कुठलं औषध चालत नाही का. म्हणून ती सासरी न सांगता बस धरून माझ्याकडे आली होती. बोलता बोलता तिनं पर्समधून एक कार्ड काढलं. प्लास्टिकमध्ये घट्ट बंद केलेलं, कडा पिवळ्या पडलेलं. ते मी लांबूनच ओळखलं, कारण अक्षर माझं होतं. ‘पेशंट गंगम्मा सिद्रामप्पा. हिला पेनिसिलिन जातीचं कोणतंही इंजेक्शन देऊ नये.’ खाली माझी सही.

“आई म्हनायची, बाईनं लिहून दिलंय, आता मला कुठंबी भेव न्हाई,” ईश्वरी म्हणाली. “आईला चालत नव्हतं ते मलाबी चालनार न्हाई. मला बी तसलंच लिहून द्या.”

मी म्हटलं, लिहू की, आधी ओटी भरू दे. खरं तर मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून मी कामाला लागले. पाट मांडला, तिला पूर्वेला तोंड करून बसवलं, हळदीकुंकू लावलं. पदरात गहू घातले, खण, नारळ, हळकुंड, सुपारी ठेवली. ह्यांनी आणलेल्या पिशवीतून एक एक फळ काढून घालत गेले. संत्रं, सफरचंद, पेरू आणि शेवटी केळं.

ईश्वरीनं बाकी सगळं पदरात नीट घेतलं. केळं मात्र उचलून पाटाच्या कडेला ठेवलं आणि ओशाळं हसली. “केळं तेवढं नको बाई. राग मानू नका. घशात खाजतंय.”

माझ्या हातातले अक्षतांचे तांदूळ तिच्या डोक्यावर पडायच्या आधी खाली सांडले. तिनं विचारलं, काय झालं. मी तिला विचारलं की कधी फुगा फुगवलास का, आणि फुगवलास तर ओठाला काय होतं.

“सुजतेत,” ती म्हणाली. “दिराच्या लेकराच्या वाढदिवसाला असे टम्म झाले होते. तुमाला कसं कळलं?”

मला कसं कळलं हे सांगायचं तर मागं जावं लागतं, आणि मागं जायची मला पाच वर्षं हिंमत झाली नव्हती.

आमच्या प्रसूतिगृहात ऑपरेशनचे रबरी हातमोजे एकदा वापरून फेकायची पद्धत नव्हती. आधी होती, ती मीच मोडली असं म्हटलं तरी चालेल. वापरलेले हातमोजे ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायचे, साबणानं धुवायचे, उलटे करून पुन्हा धुवायचे, दोरीवर वाळत घालायचे. मग एकेक तोंडानं फुगवायचा, मनगटाशी पिळून धरायचा आणि गालाजवळ न्यायचा. बारीक भोक असलं तरी गालाला हवा लागते. भोक नसलं की आतून बाहेरून पावडर लावून, जोड्या जुळवून, कापडात गुंडाळून वाफेच्या यंत्रात टाकायचे. नवं रबर आणि माझं धुतलेलं रबर यात फरक ओळखून दाखवा, असं मी नव्या सिस्टरांना म्हणायचे. बन्सीधर डॉक्टर आल्यागेल्यापुढं माझं कौतुक करायचे, आणि मी मान खाली घालून ते ऐकायचे. मला ते लय आवडायचं, खोटं कशाला बोलू.

हे काम मी गंगम्माला दिलं होतं. जिन्याखाली एक खोली होती, तिला खिडकी नव्हती. खिडकी नव्हती म्हणूनच ती मी निवडली, कारण वाऱ्यानं पावडर उडते. शिवाय दार उघडं राहिलं की पावडर व्हरांड्यात येऊन फरशी पांढरी व्हायची, म्हणून मी येता जाता ओरडायचे, गंगम्मा, दार लावून घे. ती दार लावून घ्यायची. संध्याकाळी बाहेर आली की भुवयांपर्यंत पांढरी असायची, गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखी. शाळा सुटली की ईश्वरीही तिथंच आईजवळ बसायची. भोक पडलेले हातमोजे ती चिकटपट्टी लावून फुगवायची, त्यांच्यावर पेनानं डोळे काढायची आणि वॉर्डातल्या रडणाऱ्या लेकरांना नेऊन द्यायची. पाच बोटांचा फुगा बघून लेकरं गप्प व्हायची. मीच तिला ते शिकवलं होतं.

चार-पाच वर्षांनी गंगम्माला शिंका सुरू झाल्या. सकाळी खोलीत गेली की तासाभरात डोळ्यांतून पाणी. मनगटावर पुरळ उठायचं, ते खाजवून खाजवून लाल व्हायचं. तिनं हाताला खोबरेल लावलं, तर मी तिला झापलं, कारण तेलानं रबर खराब होतं. हातमोज्याची मला काळजी होती. त्यातच एकदा तिचे ओठ सुजलेले दिसले. मी सगळ्यांसमोर म्हटलं, गंगम्मा, पानात चुना कमी घालत जा. सगळ्या हसल्या. गंगम्मा पान खातच नव्हती, पण तीही हसली.

केळ्याचंही तसंच. श्रावणातल्या सोमवारी ती दवाखान्यात सगळ्यांना केळी वाटायची. एका वर्षी लक्षात आलं की ही वाटते पण खात नाही. विचारलं तर म्हणाली, घशात खाजतंय, जीभ जड होती. महादेवाची एवढी भक्ती, आणि त्याचा प्रसाद हिला बाधतो, हा आमचा सगळ्यांचा थट्टेचा विषय झाला. मी तर म्हणायचे की तुझा देव तुझ्यावर रुसलाय. एकदा तिनं माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं की मला झाडलोटीचं काम द्याल का, हे मोज्याचं दुसरीला द्या. मला वाटलं, कामचुकारपणा सुचायला लागलाय. मी तिला लाडावलीस म्हणून सुनावलं. त्यावर तिनं परत तो विषय काढला नाही.

नंतर तिला अंगावरून जास्त जायला लागलं. गर्भपिशवीत गाठी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, आपलीच बाई आहे, आपल्याकडेच ऑपरेशन करू. तिनं एवढंच मागितलं की शिवरात्र होऊ द्या. शिवरात्र झाली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दाखल व्हायला आली. येताना देवळातला प्रसाद माझ्यासाठी पदरात बांधून आणला होता, एक केळं आणि खडीसाखर. मी तिचं ब्लडप्रेशर बघत होते. तिनं माझा हात धरला.

“बाई, उद्या मला त्या मोज्यानं पोटात हात लावू नका. त्या मोज्याचं आन् माझं जमंना. डाक्टरला तेवढं सांगा.”

मी म्हटलं, “मग काय उघड्या हातानं कापू का तुला?”

ती हसली. मीही हसले. सांगते म्हटलं, आणि सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. मोज्यानं माणसाला काय होणार, आणि तेही मी धुतलेल्या मोज्यानं. तिनं दिलेलं केळं मी तिथंच उभ्या उभ्या खाल्लं. त्या केळ्याची चव मला आजही आठवते, गोड होतं.

सकाळी ऑपरेशनला मी डॉक्टरांच्या समोर उभी होते. कमरेतून भूल दिली होती, त्यामुळे गंगम्मा जागी होती. पोट उघडून, आमचे दोघांचे हात आत जाऊन वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. ती म्हणाली, बाई, गळा आवळायलाय. मग तिच्या छातीवर, मानेवर गांधी उठल्या, श्वासाची शिट्टी वाजायला लागली आणि ब्लडप्रेशर लागेनासं झालं. भुलीचे डॉक्टर धावले. मी इतक्या बाळंतपणांत इतकी घाबरले नव्हते. इंजेक्शनं दिली, पाय वर केले, दोघांनीही हात बाहेर काढले. बऱ्याच वेळानं नाडी लागली. उरलेलं काम डॉक्टरांनी कसंबसं उरकून पोट बंद केलं. गंगम्मा वाचली.

डॉक्टर हात धुताना म्हणाले, इंजेक्शनची रिअॅक्शन. ऑपरेशनच्या आधी तिला जंतू मारायचं इंजेक्शन दिलं होतं, त्यालाच सगळ्यांनी धरलं. आता ते इंजेक्शन मीच दिलं होतं, वॉर्डात, तिला टेबलावर घ्यायच्या पाऊण तास आधी. त्यानंतर ती माझ्याशी गप्पा मारत होती, लेकीच्या शाळेचं सांगत होती. हे मला ठाऊक होतं. आणि आदल्या संध्याकाळचं तिचं बोलणंही माझ्या डोक्यात आलं होतं, आलं नव्हतं असं नाही. पण ते बोलले असते तर जिन्याखालच्या खोलीपर्यंत गोष्ट गेली असती, माझ्या पद्धतीपर्यंत गेली असती. मी मूग गिळून गप्प बसले. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, तिला एक चिठ्ठी लिहून द्या, कुठं गेली तर दाखवेल. मी कार्डावर घोटीव अक्षरात लिहून सही केली.

गंगम्माला वाचता येत नव्हतं. तिनं ते कार्ड झेरॉक्सच्या दुकानातून प्लास्टिकमध्ये घालून आणलं आणि मला दाखवलं. नंतर तिनं काम सोडलं. नवरा सिद्रामप्पा याचं चारठाण्याला किराणा दुकान होतं, तिथं ती गेली. काम सुटल्यावर तिच्या शिंका थांबल्या, असं कुणीतरी मला सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं.

पाच वर्षांनी डॉक्टरांनी मला परभणीला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. दुपारचं जेवण झाल्यावर झोप यायच्या वेळेला डॉ. प्रियदर्शनी नावाची एक तरुण मुलगी बोलायला उभी राहिली. विषय होता रबराचे हातमोजे. मला हसू आलं, म्हटलं, ही मला काय शिकवणार. तिनं सांगितलं की हे रबर म्हणजे झाडाचा चीक. त्यात जी प्रथिनं असतात ती काही माणसांचं शरीर शत्रू धरून बसतं. रोज हाताळणाऱ्यांना जास्त. पावडरीबरोबर ती हवेत उडतात आणि श्वासातून आत जातात, बंद खोलीत तर फारच. आधी शिंका, पुरळ, फुगा फुगवला की ओठ सुजणं. अशा माणसांना पुष्कळदा केळं, पपई बाधते, कारण त्यांच्यातली प्रथिनं सारखी असतात. आणि मग एक दिवस त्यांचं ऑपरेशन होतं, त्याच हातमोज्यांनी.

ती बोलत होती आणि मला समोर गंगम्मा दिसत होती, भुवयांपर्यंत पांढरी. पुढं ती असंही म्हणाली की धुऊन वापरलेल्या हातमोज्याला गालाला कळणार नाहीत इतकी बारीक भोकं पडतात, ब्लीचिंगनं रबर कुजतं, आणि बाईच्या व आपल्या मध्ये काही उरत नाही. म्हणजे ज्याचा मी एवढा तोरा मिरवला ते दोन्ही बाजूंनी वाईट होतं. चहाच्या वेळेला मी तिला विचारलं की एखाद्या बाईला असं असलं तर काय करायचं. ती म्हणाली, सोपं आहे. रक्ताची तपासणी करायची, कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचं आणि तिच्यासाठी बिनरबराचे हातमोजे वापरायचे. हल्ली ते सगळीकडे मिळतात.

सोपं होतंच. सेलूहून चारठाण्याला जायला बस आहे. जाऊन कार्ड परत घ्यायचं आणि दुसरं लिहून द्यायचं, एवढंच काम. दवाखान्यातली धुण्याची पद्धत मी त्याच महिन्यात बंद करवली, डॉक्टरांशी भांडून. सगळ्यांनी मला शहाणी म्हटलं. पण चारठाण्याला काही जाणं होईना. तिला काय सांगायचं, हा प्रश्न होता. तू सांगितलं होतंस आणि मी हसले होते, हे तोंडानं कसं म्हणायचं? दिवाळीनंतर जाऊ म्हटलं, मग संक्रांतीनंतर, मग ह्यांचं मोतीबिंदू झाल्यावर. अशी तीन वर्षं गेली, आणि जाणार नाही हे मला आतून माहीत होतं.

दोन हजार एकोणीसच्या श्रावणात निरोप आला. पोटावरच्या जुन्या टाक्यातून गंगम्माचं आतडं वर यायला लागलं होतं, म्हणून परभणीच्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशनला नेली होती. टेबलावरच गेली.

मी भेटायला गेले. सिद्रामप्पा दुकान बंद करून ओट्यावर बसला होता. मला बघून उठला, माझ्या पाया पडायला वाकला. म्हणाला, “बाई, तुमची चिट्ठी दाखवली हो आमी. त्यांनी विंजेक्शन बदललं. तरीबी गेली.” आत ईश्वरी भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, घोटभर चहा घेतला आणि शेवटच्या बसनं परत आले. नक्की कशानं गेली हे कुणी बघितलं नव्हतं. हृदय बंद पडलं एवढंच कागदावर होतं. त्या ‘नक्की’च्या आड मी पाच वर्षं लपून बसले.

आणि आता तिची लेक माझ्या पाटावर बसून मला विचारत होती, तुमाला कसं कळलं.

खोटं बोलायला जागा होती. इंजेक्शनबरोबर अजून एक गोष्ट लिहिते म्हणाले असते, नवीन संशोधन निघालंय म्हणाले असते, तरी पोरीचं काम झालं असतं. ती आनंदानं गेली असती आणि घरी माझं नाव काढलं असतं. मी तसं म्हणायला तोंड उघडलंही. पण तिच्या पदरात माझे गहू होते, माझा नारळ होता, आणि तिच्या आईनं माझ्या पदरात घातलेलं केळं मी खाल्लं होतं. माझ्याच्यानं झालं नाही.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. जिन्याखालची खोली, दार लावून घे म्हणणं, चुन्याची थट्टा, झाडलोटीचं काम नाकारलं ते. ह्यांच्यादेखत सांगितलं. शिवरात्रीनंतरच्या संध्याकाळचं तर शब्द न् शब्द सांगितलं. परभणीच्या प्रशिक्षणाचंही सांगितलं. तुझ्या आईची चिठ्ठी चुकीची होती आणि ती चुकीची आहे हे मला ती जायच्या तीन वर्षं आधी कळलं होतं, हेही सांगितलं. ईश्वरी हलली नाही. एक हात पोटावर आणि एक पदराखाली, ओटी सांडू नये म्हणून.

ती म्हणाली, “मग मी काय करू ते सांगा.”

ते मला येत होतं, म्हणून मी भराभरा बोलले. आधी परभणीला जाऊन रक्ताची तपासणी करून घ्यायची. नुसत्या केळ्यावरून आणि फुग्यावरून नक्की म्हणता येत नाही, पण तपासणी होईपर्यंत तसंच धरून चालायचं. डॉक्टरीणबाईंना आणि भुलीच्या डॉक्टरांना दोघांनाही सांगायचं. बिनरबराचे हातमोजे, लघवीची नळी सिलिकॉनची, हाताला बांधायचा पट्टाही रबराचा नको. आणि दिवसातलं पहिलं ऑपरेशन माझं करा म्हणायचं, खोलीत आधीची पावडर उडत असायच्या आत. कुणी हसलं तर हसू द्यायचं. पण लिहून घेतल्याशिवाय टेबलावर चढायचं नाही.

“लिहून द्या,” ती म्हणाली.

मी कोरं कार्ड काढलं. अक्षर पूर्वीसारखं घोटीव आलं नाही. ‘ईश्वरी. हिला रबराचे हातमोजे व रबराच्या वस्तू चालत नसाव्यात. तपासणी करावी. ऑपरेशनमध्ये रबर वापरू नये. हिची आई गंगम्मा सिद्रामप्पा हिलाही चालत नव्हते.’ खाली सही केली आणि तिच्याकडे दिलं.

तिनं ते सावकाश वाचलं, दोनदा वाचलं. मग परत माझ्याकडे केलं.

“तारीख न्हाई टाकली,” ती म्हणाली. “आजची नको. आईचं तुमाला कवा कळलं, ती टाका.”

पेन घेऊन मी बसले. पहिल्यांदा मनात आली ती परभणीच्या प्रशिक्षणाची तारीख. ती खोटी नव्हती. त्या दिवशी मला शास्त्र कळलं, पुरावा कळला, ती तारीख टाकली असती तर कुणी माझ्याकडे बोट दाखवू शकलं नसतं. पण गंगम्मानं मला परभणीच्या त्या डॉक्टर मुलीच्या पाच वर्षं आधी सांगितलं होतं, साध्या मराठीत, माझा हात धरून. तिचं मी ऐकलं नाही, कारण ती मावशी होती. मी लिहिलं, तीन मार्च दोन हजार अकरा.

ईश्वरीनं तारीख बघितली. त्या दिवशी ती बारा वर्षांची होती, आईबरोबर दवाखान्यात आली होती, आणि दाराशी उभी राहून मी केळं खाताना तिनं मला बघितलं असणार.

“हे आपरेशनच्या आदल्या दिसाचं हाय,” ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

ती उठली. नवं कार्ड पर्समध्ये ठेवलं, पदरातली ओटी पिशवीत भरली, ह्यांनी आणून दिलेल्या रिक्षात बसली. मी फाटकापर्यंत गेले. पोचलीस की फोन कर म्हटलं. तिनं मान हलवली, ती हो म्हणून की रिक्षाच्या धक्क्यानं, मला कळलं नाही.

घरात आले तर पाटाच्या कडेला केळं होतं आणि त्याच्याजवळ जुनं कार्ड. विसरली असेल असं ह्यांना वाटलं, पण ती विसरणाऱ्यांतली नाही. मी पेन घेतलं आणि ‘पेनिसिलिन’वर आडवी रेघ मारली. प्लास्टिकवर शाई धरेना. बोट लागलं की पुसली जायची आणि खालचं माझं अक्षर तसंच, स्वच्छ.